रस्त्याकडची खोली

"खोली आहे ना, काकाजी. पंखा आहे, सकाळी गरम पाणी मिळेल," मॅनेजर म्हणाला आणि किल्ल्यांच्या पाटीकडे वळला.

"किल्ली काढण्याआधी एक सांगतो," बाबा म्हणाले. "आम्हाला सुतक आहे. आज सकाळीच माझी बायको गेली."

मॅनेजरचा हात किल्लीपाशी थांबला. त्यानं आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्या ओल्या केसांकडे. माणूस वाईट नव्हता. लग्नसराईचे दिवस आहेत, गिऱ्हाईक कुरकुर करतं, मालक देवाधर्माचा आहे, असं काहीबाही सांगत त्यानं आम्हाला दारापर्यंत सोडलं, प्यायला पाणीसुद्धा विचारलं. बाबांनी त्याला "बरोबर आहे तुमचं" म्हटलं आणि आम्ही पुन्हा धंतोलीच्या उन्हात आलो.

सकाळपासूनचं हे दुसरं हॉटेल. पहिल्या ठिकाणीही असंच झालं होतं. मी बाबांना म्हटलं, तुम्ही सांगता कशाला? विचारतंय कोण आपल्याला? बाबा म्हणाले, "त्याच्या घरात राहायचं आणि त्यालाच सांगायचं नाही, हे बरं नाही दिसत."

बाबांचं हे असंच होतं. वजनमापं खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली, दुकानदारांचे तराजू तपासण्यात. खरं बोलण्याची त्यांना खोडच होती म्हणा ना. आई म्हणायची, ह्यांच्यापायी मला शेजारणीकडे ‘भाजी छान झाली होती’ एवढंसुद्धा धड खोटं बोलता येत नाही. आणि त्या दिवशी सगळ्या नागपुरात लपवाछपवी करायची वेळ आली ती नेमकी ह्या माणसावर.

लपवायचं काय होतं ते सांगते. त्याच आठवड्यात गुरुवारी गोरज मुहूर्तावर नागपुरातच वृंदाचं लग्न होतं. वृंदा माझ्या काकाची मुलगी. ती रांगत होती तेव्हा काकू गेली, आणि श्रीधरकाकानं तिला आमच्या वरोऱ्याला आणून आईच्या मांडीवर ठेवलं. ती मॅट्रिक होईपर्यंत आमच्याच घरी वाढली. आईला मी आई म्हणायची आणि ती मोठीआई म्हणायची, आमच्यात फरक असेल तर एवढाच. कन्यादानाला जोडपं लागतं, काका एकटा. तेव्हा कन्यादान आई-बाबांनीच करायचं हे केव्हाचं ठरलेलं होतं. त्यासाठी आईनं जांभळा शालू घेतला होता. रुखवतही तिनंच केलं होतं आणि पुढे पाठवून दिलं होतं. त्याच गडबडीत तिनं कावीळ अंगावर काढली. डोळे पिवळे झाले तरी म्हणाली, लग्न होऊन जाऊ द्या, मग निवांत झोपते.

आमच्या गावच्या रहीमभाईच्या टॅक्सीत घालून आम्ही तिला नागपूरच्या दवाखान्यात आणलं तेव्हा उशीर झाला होता. काकाला कळवू नका, त्याच्या घरात मांडव पडलाय, असं तिनं टॅक्सीतच बजावलं होतं. मंगळवारी पहाटे ती गेली.

वृंदाचं लग्न आधी एकदा मोडलं होतं. तारीख ठरली, पत्रिका वाटून झाल्या आणि आमचे आजोबा गेले. सुतक लागलं, लग्न पुढे ढकललं. तेवढ्यात मुलाकडच्यांचं मन फिरलं. पोरगी पांढऱ्या पायाची आहे, असं त्यांनी चारचौघांत बोलून दाखवलं, आणि ते बोलणं पुढे ज्या ज्या घरी तिचा फोटो जाई तिथे तिच्याआधी जाऊन बसे. चार वर्षं गेली त्यात. आता यवतमाळच्या मुळ्यांकडचं स्थळ जमलं होतं, माणसं भली होती, मुलगा वृंदाला मनापासून आवडला होता. आणि आता परत ऐन लग्नात घरातलं माणूस गेलं होतं.

सुतक असतं ते कानावर पडलं म्हणजे. ज्याला कळलं नाही त्याला लागत नाही. शेवटच्या रात्री आई शुद्धीवर होती तेव्हा तिनं आमच्याकडून एवढंच वदवून घेतलं, लग्न लागेपर्यंत माझं काही तिच्या कानावर जाऊ देऊ नका.

म्हणून आम्ही कुणालाच कळवलं नाही. खांदा द्यायला बाबा, रहीमभाई आणि दवाखान्यातला एक वॉर्डबॉय होता, चौथा खांदा मी दिला. आई सवाष्ण गेली होती. नवं वस्त्र हवं म्हणून दवाखान्यातल्या आयानं विचारलं, तेव्हा बॅगेत जांभळा शालू होता. तोच मी तिला नेसवला. निऱ्या नीट बसेनात, आणि सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "आई, जरा सरळ उभी राहा ना."

रडायची सोय नव्हती. घाटावर पाणी डोक्यावर घेतलं तेव्हा थोडं रडून घेतलं असेल, पण बाबा म्हणाले, आता आवर. डोळे सुजलेले दिसले की माणसं विचारतात. विचारलं की सांगावं लागतं. मी आवरलं. 

वरोऱ्याला परतलो असतो तर गावाला कळलं असतं, आणि वरोऱ्याला कळलेलं संध्याकाळपर्यंत नागपुरात पोचतं. शिवाय अस्थी गुरुवारी सकाळी मिळणार होत्या. तेव्हा तोवर नागपुरातच कुठेतरी तोंड लपवून राहणं भाग होतं. नात्यातल्या कुणाकडे जाणं शक्यच नव्हतं. रहीमभाई मोमीनपुऱ्यात आपल्या बहिणीकडे थांबला. जाताना म्हणाला, बेटी, हाक मारली की येतो. आम्ही दोघं बापलेक, आईची बॅग घेऊन, हॉटेल शोधत निघालो.

घाटाच्या अलीकडे एक धर्मशाळा होती. ती अशाच लोकांसाठी होती म्हणा ना, दहाव्या-तेराव्याला बाहेरगावहून येणाऱ्यांसाठी. रखवालदारानं आम्हाला पाहूनच ओळखलं, काही विचारलं नाही. खोली स्वच्छ होती, मागे निंबाचं झाड होतं, ओळखीचं कुणी फिरकायची भीती नव्हती. मला वाटलं, सुटलो. मी बॅग खाली ठेवली.

बाबा खोलीच्या मधोमध उभे राहून कशाचातरी कानोसा घेत होते. मग म्हणाले, "इथे नको."

"का? इथे तर खरं सांगूनही ठेवून घेतायत."

"फार आडबाजूला आहे. भर गावात पाहू, सीताबर्डीवर."

मला कळेना. सीताबर्डी म्हणजे नागपूरचा बाजार, आणि लग्नाच्या आठवड्यात आमचं निम्मं गणगोत तिथे बांगड्या भरत आणि साड्यांना फॉल लावत फिरत असणार. मी तसं बोललेही. बाबांनी बॅग उचलली आणि रखवालदाराला नमस्कार करून चालू लागले. ज्या माणसाची बायको त्या सकाळी गेली त्याच्याशी भांडणार तरी किती. मी मागोमाग गेले.

सीताबर्डीच्या मोठ्या रस्त्याला लागून एक आडवी गल्ली, तिच्यात अंबर लॉज. खाली चपलांचं दुकान, बाजूला रसवंती, भोंगे, फेरीवाले. मॅनेजर पान खात बसला होता. त्यानं आम्हाला मागची शांत खोली दाखवली. बाबांनी रस्त्याकडची मागितली.

"रस्त्याकडची झोपेच्या कामाची नाही, काकाजी," मॅनेजर म्हणाला. "समोर मंगल कार्यालय आहे. लाउडस्पीकरचा कर्णा आपल्याच खिडकीकडे तोंड करून बांधतात."

"चालेल."

बाबा वर गेले, खिडकी उघडून पाहिली. मीही बाहेर पाहिलं आणि लगेच बाजूला झाले. गल्लीच्या पलीकडे कार्यालयाच्या दारावर झेंडूचं तोरण चढवत होते. हे वृंदाच्या लग्नाचंच कार्यालय होतं. पत्रिकेवर नाव वाचलेलं होतं, पण ते नेमकं कुठे आहे हे मला ठाऊक नव्हतं.

आम्ही खाली आलो. मॅनेजरनं तोंडातलं पान एका गालात सारून विचारलं, "लग्नाला आलात वाटतं?"

मी वाट पाहत होते, आता बाबा खरं सांगतील, आणि बरंच झालं, म्हणजे इथून हाकलतील.

"हो," बाबा म्हणाले. "लग्नालाच आलोत."

जन्मात पहिल्यांदा मी बाबांना खोटं बोलताना ऐकलं. तेही इतक्या सहज, की किल्ली हातात पडली तरी मी त्यांच्या तोंडाकडेच पाहत राहिले.

संध्याकाळी आम्ही कोपऱ्यावरच्या बूथवरून काकाला फोन केला. मोबाइलचे दिवस नव्हते ते. बाबांनी फोन कानाला लावला, मी त्यांना टेकून उभी. काकाचा आवाज आधीपासूनच मोठा, मला सगळं ऐकू येत होतं. मागे बायकांचा गलका होता, कुणीतरी हळदीचं गाणं म्हणत होतं.

"दादा, कुठे आहेस? आज दुपारी येणार होते ना तुम्ही लोक?"

"शिरू, तिला येणं शक्य नाही," बाबा म्हणाले.

"म्हणजे? काय झालं वहिनीला? ताप-बिप आला का?"

बाबा "हूं" म्हणाले. ते ‘हूं’ काढायला त्यांना किती वेळ लागला, ते मी त्यांच्या पाठीवर ठेवलेल्या माझ्या हातानं मोजलं.

काका आधी काळजीत पडला, मग चिडला. ताप काय, गोळी दे आणि टॅक्सीत घाल. कन्यादानाला मी आता कुणाला बसवू? बरं, ती नाही तर तू तरी ये. बाबा म्हणाले, मलाही येता येणार नाही. मग मात्र काकाचा तोल गेला. मोठा भाऊ म्हणून पंगतीत मिरवायला पुढे, आणि आज पोरीला वाऱ्यावर सोडतोस, असं म्हणाला. आणखीही म्हणाला. ते मी इथे लिहीत नाही, कारण त्या म्हणण्याचं त्याला पुढे आयुष्यभर वाईट वाटलं. बाबा ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "वृंदाला आमचे आशीर्वाद सांग," तेव्हा काकानं फोन आपटला.

खोलीवर आल्यावर माझा संताप झाला. मी दबक्या आवाजात बाबांना वाट्टेल ते बोलले. इतक्या हॉटेलांतून हेच शोधून काढायचं होतं? आपल्याला जिथे पाऊल टाकता येत नाही तिथली रोषणाई बघत बसायची हौस आहे का तुम्हाला? बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. म्हणाले, "दोन दिवस कळ काढ, शैला." एवढंच.

बुधवारी दुपारी खाली बसचा हॉर्न वाजला आणि मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. बस यवतमाळची होती. कार्यालय लहान, म्हणून वराकडच्या मंडळींचा जानोसा काकानं समोरच्या लॉजमध्ये केला होता. म्हणजे आमच्याच. बाबांनी बाकी सगळा विचार केला होता, हा केला नव्हता. जिन्यात ट्रंका आपटू लागल्या, पोरं धावू लागली, अत्तराचा वास आमच्या दाराखालून आत आला. शेजारच्याच खोलीत नवरदेव उतरला. मुळ्यांनी आम्हाला कधी पाहिलं नव्हतं, हे एक नशीब. पण त्यांच्याकडे काकाची ये-जा होणार होती. बाबांनी दाराला कडी घातली. आम्ही कुजबुजत बोलू लागलो. मग तेही थांबवलं.

भिंत इतकी पातळ होती की पलीकडचं हसणं उशीपाशी ऐकू येई. म्हणजे आमचं रडणंही पलीकडे गेलं असतं. त्या रात्री मी पदराचा बोळा तोंडात धरून झोपले. बाबा झोपले की नाही मला माहीत नाही. ते खिडकीकडे तोंड करून पडले होते.

गुरुवारी सकाळी आम्ही घाटावर गेलो. अस्थी वेचायला बाबा एकटेच आत गेले, मी ऑटोत बसून राहिले. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये खुंट्या होत्या, गंगेला किंवा रामटेकला नेईपर्यंत लोक मडकी तिथेच टांगून ठेवत. अस्थी घरात आणायच्या नसतात, हे लहान पोरालाही ठाऊक. बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात जाड कापडाची पिशवी होती. ओलं धोतर असेल, असं मला वाटलं. रामटेकला उद्या जाऊ, ते म्हणाले. लॉजवर आल्यावर त्यांनी ती पिशवी खिडकीजवळच्या खुंटीला अडकवली आणि मला सांगितलं की हिला हात लावू नको.

मी म्हटलं, "बाबा, आता देवक बसलं असेल. देवक बसल्यावर सुतक लागत नाही म्हणतात. काकाला सांगून टाकू या ना. निदान तो तरी आईला नावं ठेवणार नाही."

"शास्त्राचं मला सांगू नको. माणसांचं बोल," बाबा म्हणाले. "शिरूच्या तोंडावर काही लपत नाही. आणि वृंदाला कळलं तर ती बोहल्यावर उभी राहील का? तूच सांग."

तिला कळलं असतं तर हळदीच्या अंगानं धावत आली असती.

दुपारी बाबांचा जरा डोळा लागला होता तेव्हा दारावर टकटक झाली. मी कडी काढून दार किलकिलं केलं. बाहेर पन्नाशीच्या एक बाई होत्या, हिरवी पैठणी, अंगावर दागिने, तोंड हसरं. मागे गॅलरीत कुणीतरी त्यांना "मुळेकाकू" म्हणून हाक मारत होतं. नवरदेवाची आई. मी दार आणखी ओढून घेतलं.

"सुई-दोरा मिळेल का गं बाई? मुंडावळ्यांचा दोरा तुटला. सगळं आणलं बघ, तेवढीच सुई राहिली. आणि तू काहून अशी खोलीत बसून राहिली? तुम्हीही लग्नालाच आले ना? मॅनेजर सांगत होता."

"दुसऱ्या लग्नाला," मी म्हटलं.

"असू दे ना. सीझनच आहे. पण कपाळ असं मोकळं नाही ठेवू गं पोरीनं." असं म्हणत त्यांनी कमरेच्या बटव्यातून कुंकवाचा करंडा काढला आणि बोट बुडवून माझ्याकडे हात केला.

मी झटकन मागे सरले. सुतकातल्या कपाळाला तिनं हात लावायचा आणि त्याच हातानं संध्याकाळी वृंदाची ओटी भरायची, हे माझ्याच्यानं होऊ देववेना. तोंडात जे आलं ते बोलले. "नका शिवू काकू. मी बाजूला बसलेय."

त्यांचा हात जागीच थांबला. "अगं बाई. बरं झालं सांगितलं." चेहऱ्यावर राग नव्हता, उलट माया होती. बायकांच्या जगात ह्या एका कारणाला उलटा प्रश्न नसतो. त्या उंबऱ्याबाहेर झाल्या. मी आईच्या बॅगेतून तिची सुई-दोऱ्याची डबी काढली आणि दारात जमिनीवर ठेवली. आईच्या सगळ्या वस्तूंत ही डबी नेहमी हाताशी असायची, वृंदाच्या शाळेच्या फ्रॉकला तिनं ह्याच सुयांनी टिपा घातल्या होत्या. मुळेकाकूंनी ती उचलली आणि तिथेच भिंतीला टेकून दोरा ओवू लागल्या. मला दार लावता येईना.

"मुलगी गोड आहे बघ आमची," त्या दोरा ओवता ओवता सांगू लागल्या. "पण काल सीमांतपूजनाला पाहिली, तर रडून रडून डोळे सुजवलेले. तिची मोठीआई म्हणून कोणी आहे, तिनं लहानाची मोठी केली म्हणतात. कन्यादानाला ती बसणार होती, आणि ऐन वेळी आलीच नाही. ताप आला म्हणे. आता तापच तो, येतो असा बरोब्बर." त्यांनी दातानं दोरा तोडला. "मानपान असेल काहीतरी. पण पोरीचा काय दोष बा त्यात?"

मी दाराची कड घट्ट धरून उभी होते. सांगावंसं वाटलं, काकू, तुमच्या हातातली सुई तिची आहे. ती रुसली नाही. रुसता येत नव्हतं तिला, बाबांनीसुद्धा तिला कधी रुसलेली पाहिलं नव्हतं.

"खरंच आजारी असतील हो," मी म्हटलं.

"असतील. आपण काहून कुणाला नावं ठेवा." त्यांनी डबी परत जमिनीवर ठेवली. "सुखी राहा गं बाई."

दार लावून मी वळले तर बाबा जागे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते भिंतीकडे तोंड करून बसले, आणि माझ्या मनात आलं की आता हा माणूस उठेल, समोर जाईल आणि सगळ्यांसमोर ओरडून खरं सांगेल. आईचं नाव असं खराब झालेलं त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. पण ते उठले, तोंड धुतलं आणि टॉवेलनं पुसत म्हणाले, "तिला चालणार होतं हे. म्हणाली होती, मला नावं ठेवतील, ठेवू द्या."

ऊन उतरलं. गल्लीत बँड आला, घोडा आला. आमच्या शेजारच्या खोलीतून नवरदेव निघाला, जिन्यावर बायकांची धांदल उडाली, आणि मग अख्खं लॉज एकदम रिकामं झालं. भिंतीपलीकडे कुणी उरलं नाही. समोरचा कर्णा खरखरला. भटजींनी घसा साफ केलेला आमच्या खोलीत ऐकू आला.

बाबांनी स्वच्छ धोतर नेसलं. खिडकीची दोन्ही दारं पूर्ण उघडली. खुंटीवरची पिशवी दोन्ही हातांनी काढली, हलकेच खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. मी मागे पलंगावर होते. मला कार्यालयाचं दार दिसत होतं, आत दिव्यांचा उजेड आणि माणसांची डोकी. वृंदा दिसत नव्हती.

मंगलाष्टकं सुरू झाली. प्रत्येक ‘सावधान’ला समोरून माणसांचा एकच आवाज उठे. एक कडवं काकानं म्हटलं, त्याचा आवाज मध्येच फाटला. दुसरं कुणी मामी म्हणाली. आईनंही एक रचलं होतं. घरी चुलीपाशी गुणगुणत जुळवलेलं, त्यात वृंदाच्या लहानपणीच्या खोड्या होत्या. ते म्हणायला तिथे कुणी नव्हतं. मी ओठांत म्हणून पाहिलं, दुसऱ्या ओळीपुढे मला येईना. बाबांचा हात पिशवीवर होता. शेवटचं ‘सावधान’ झालं आणि ताशा, बँड, टाळ्या, सगळं एकदम उसळलं.

"ऐकलंस ना?" बाबा म्हणाले.

"हो, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पिशवीच्या तोंडाशी घातलेली गाठ त्यांनी थोडी सैल केली होती, आत मातीच्या मडक्याचा काठ दिसत होता. ते माझ्याशी बोलत नव्हते.

मग मला कळलं. धर्मशाळेत ते कानोसा कसला घेत होते ते कळलं. मागची शांत खोली का नको होती ते कळलं. मी उठून त्यांच्यापाशी गेले. त्यांनी सांगितलं, शेवटच्या रात्री मी औषध आणायला खाली गेले होते तेव्हा ती म्हणाली होती, कन्यादान नशिबात नाही तर नाही, पण मंगलाष्टकं तेवढी कानावर पडायला हवी होती हो. "एवढंच मागितलं तिनं मला उभ्या संसारात," बाबा म्हणाले.

समोर पेढे वाटत होते. बाबा बराच वेळ ऐकत राहिले. सप्तपदीचे मंत्र कर्ण्यावरून आले, तेही त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मग त्यांनी पिशवीची गाठ परत घट्ट केली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"झालं. आता ती मुळ्यांची झाली. तिचं गोत्र बदललं. आता तिला आपलं सुतक नाही," ते म्हणाले. "आता रड, शैला."

आम्ही दोघं रडलो. बँड इतका मोठा होता की आमचंच रडणं आम्हाला ऐकू येत नव्हतं. मी आईला हाका मारल्या, मोठमोठ्यानं, आणि गल्लीत कुणी वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी वरात यवतमाळला गेल्यावर बाबांनी काकाला लॉजवर बोलावून घेतलं. त्या भेटीचं मी सांगणार नाही. काका जिन्यातच खाली बसला, एवढं पुरे.

वृंदा तेराव्याला वरोऱ्याला आली, नव्या नवरीच्या बांगड्या हातात. मुळेकाकू बरोबर होत्या. मला पाहून त्यांनी तोंडावर पदर घेतला आणि मला जवळ ओढलं. वृंदा कुणाशी बोलली नाही, रडली नाही. सरळ बाबांसमोर जाऊन बसली. तिच्या डोळ्यांत राग होता. म्हणाली, "मी तीन दिवस तिला बोल लावून राहिले होते, मोठेबाबा. मनातल्या मनात काय काय बोलली मी तिला. तुम्ही मला बोलू दिलं."

"तिनंच सांगितलं होतं," बाबा म्हणाले. आणि खिडकी, कर्णा, कट्ट्यावरची पिशवी, सगळं त्यांनी तिला एकेक करून सांगितलं.

वृंदा ऐकत होती. तिचा हात जमिनीवर काहीतरी चाचपडत होता. मग तिनं विचारलं, "ऐकू आलं असेल तिला?"

आता ह्याला कुणी काय उत्तर द्यावं? त्यांच्या जागी मी असते तर म्हटलं असतं, आलं असेल गं, नक्की आलं असेल. बाबांनी डोळे मिटले. दुकानदारानं तराजूत काही टाकलं की काटा स्थिर होईपर्यंत ते असेच थांबायचे.

"सगळं ऐकू आलं तिला," ते म्हणाले. "शिरूचा आवाज मध्ये फाटला, तोसुद्धा."

वृंदानं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि मग ती रडली. बाबा तिच्या केसांवरून हात फिरवत होते. मला ते अंबर लॉजच्या जिन्याखाली उभे दिसले, किल्ली मागताना. लग्नालाच आलोत, ते म्हणाले होते. त्या दिवशी मला ते खोटं वाटलं होतं. पण ते तेव्हाही खोटं बोलले नव्हते.